गाडी एकीकडे, डबाभर पार्ट दुसरीकडे! जुन्या गाडीच्या डॅशबोर्डचा कुठला तुकडा कुठला, हे ओळखतात तरी कसं?

जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्या कुठल्याही गॅरेजमध्ये डोकावून बघा. एका कोपऱ्यात हमखास हे दृश्य दिसतं. रंग लावून चकाचक झालेली बॉडी, बांधून तयार असलेलं इंजिन आणि शेजारी तीन-चार पत्र्याचे डबे. डब्यांत काय? क्रोमच्या वाकलेल्या पट्ट्या, दांडी तुटलेली बटणं, कसल्याशा स्प्रिंगा, काच फुटलेलं मीटर, दोन वेगळ्या लांबीची हँडलं आणि पावशेर गंजके स्क्रू.

गाडी ज्या मेकॅनिकने पाच-सात वर्षांपूर्वी उघडली, तो गॅरेज बंद करून गावी गेलेला असतो. कुठला तुकडा कुठे बसतो हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. कागदावर काहीच नाही.

मंडळी, अशा वेळी इंजिनाचं काम त्यातल्या त्यात सोपं म्हणायचं. इंजिनात चुकीचा पार्ट बसवला तर इंजिन लगेच तक्रार करतं, आणि चूक सुधारता येते. डॅशबोर्डवरचं बटण किंवा दरवाज्यावरची पट्टी चुकीची लागली तरी गाडी चालत राहते. चूक कुणालाच टोचत नाही. आणि खरा पार्ट मात्र "हा कुठलाच दिसत नाही" म्हणून भंगारात जातो. तो एकदा गेला की परत मिळेलच याची खात्री नाही, कारण असे पार्ट बनवणारे कारखाने कधीच बंद झालेत.

यात आता सरकारी कागदपत्रांचाही संबंध आला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेल्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी आणि चारचाकींना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि ती १० वर्षं चालते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेली गाडी यात बसत नाही, आणि राज्याने नेमलेली समिती गाडी बघून ठरवते. एखादं बटण चुकलं म्हणून नोंदणी अडेल असं कुठे लिहिलेलं नाही. पण आपली गाडी 'मूळ स्वरूपात' आहे असं म्हणणाऱ्या मालकाला, मूळ स्वरूप कसं होतं हे आधी माहीत हवं ना!

एकच बॉडी, तीन नावं, हजार घोटाळे

आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण घेऊ. मुंबईच्या कुर्ल्यातल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाटच्या परवान्यावर ११०० गाड्या बनायच्या. पन्नाशीच्या दशकातली गुबगुबीत गाडी म्हणजे मराठी माणसाची 'डुक्कर फियाट'. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. त्यानंतर साठीच्या दशकात चौकोनी ठेवणीची ११०० डी आली, जिला 'डिलाइट' म्हणत. १९७२ च्या सुमारास तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ च्या सुमारास 'प्रीमियर पद्मिनी'. हे नाव चितोडच्या राणी पद्मिनीवरून घेतलेलं. शतक संपेपर्यंत ही पद्मिनी बनत होती, आणि मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये.

म्हणजे मूळ सांगाडा साधारण तोच, आणि त्यावरची जाळी, दिवे, मोनोग्राम, बटणं, सीटची कापडं तेवढी बदलत गेली. याचा फायदा असा की हजारो टॅक्सी भंगारात निघाल्यामुळे पद्मिनीचे पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत कुठेही सापडायचे. तोटाही नेमका हाच. नव्वदीतल्या टॅक्सीचा पार्ट १९६६ च्या डिलाइटवर बऱ्याचदा बसतो. बसतो म्हणून तो बसवला जातो. मग डब्यातला साठ वर्षांचा खरा पार्ट वाऱ्यावर!

आधी हात आवरा

डबा उघडला की पहिली इच्छा होते ती रॉकेलमध्ये सगळं बुडवून घासून काढायची. तेवढं करू नये. पार्टवरची घाण हाच त्याचा पुरावा असतो.

आधी प्रत्येक तुकड्याचे पुढून आणि मागून फोटो काढायचे, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, आणि पिशवीवर नंबर. जो स्क्रू तुकड्यात अडकलेला आहे, तो त्यातच राहू द्यायचा. चिकटलेलं वाळकं रबर, मागच्या बाजूचा रंगाचा शिंतोडा, कापडाचा धागा, हे सगळं पुढे कामाला येतं. एखाद्या पट्टीला लाल रेक्झिनचा कण चिकटलेला असेल आणि गाडीची मूळ सीट लाल असेल, तर अर्धं काम तिथेच झालं.

धुवायचंच झालं तर साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. बफिंगचं चाक सगळ्यात शेवटी, कारण पार्टवर ठोकलेले आकडे इतके उथळ असतात की दोन मिनिटांच्या पॉलिशमध्ये पुसले जातात.

ते आकडे वाचायची युक्ती लहानपणी सगळ्यांनी केलेली आहे. नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, तसंच इथे करायचं. खोलगट अक्षरांवर टाल्कम पावडर चोळून वरची पुसून टाकली, तरी आकडे पांढरे उठून दिसतात.

नाव, महिना, डावा-उजवा

गाडीवर कंपनीचं नाव एक असलं, तरी आतले पार्ट वेगवेगळ्या कारखान्यांतून यायचे. फियाटच्या मीटरवर 'वेलिया बोर्लेट्टी' हे इटालियन नाव दिसू शकतं. मॉरिस, ऑस्टिन अशा इंग्रजी गाड्यांच्या मीटरवर 'स्मिथ्स' किंवा 'जेगर', तर स्विच आणि दिव्यांवर 'लुकास'. लुकासच्या अनेक पार्टवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. '३ ६२' दिसलं, तर तो पार्ट मार्च १९६२ चा. पार्टची तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधी असेल तर जोडी जमते. नंतरची असेल, तर तो मागाहून बदललेला आहे हे पक्कं.

भारतीय नावंही असंच काहीतरी सांगून जातात. लुकास-टीव्हीएस साठीच्या दशकातली, कोइमतूरची प्रिकॉल सत्तरीच्या दशकातली. १९५८ च्या गाडीच्या डब्यात प्रिकॉलचं मीटर निघालं, तर ते कारखान्यातून आलेलं असूच शकत नाही.

आता डावा-उजवा. इथे भलेभले फसतात. गाडीचा डावा-उजवा ठरतो तो ड्रायव्हरच्या सीटवर पुढे तोंड करून बसल्यावर. समोर उभं राहून बोनेटकडे बघताना सगळं उलटं होतं. इंग्रजी पार्टवर कधी 'नियरसाइड' आणि 'ऑफसाइड' या शब्दांची आद्याक्षरं असतात. नियरसाइड म्हणजे फुटपाथकडची बाजू, आपल्याकडे डावी. ऑफसाइड म्हणजे ड्रायव्हरची, उजवी. इटालियनमध्ये उजव्याला 'डेस्त्रा' आणि डाव्याला 'सिनिस्त्रा' म्हणतात, त्यामुळे नुसतं रोमन 'एस' दिसलं तर ती डावी बाजू समजायची.

इटालियन पुस्तकांची आणखी एक गंमत आहे. पार्टच्या कॅटलॉगमध्ये गाडी सुटी सुटी करून काढलेली चित्रं असतात आणि ती अगदी सोन्यासारखी उपयोगी पडतात. पण इटलीत स्टिअरिंग डावीकडे! त्या चित्रातला डॅशबोर्ड आपल्या गाडीच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखा असतो. परदेशातून ऑनलाइन मागवलेला डॅशबोर्ड 'मॉडेल तेच आहे' म्हणून आला आणि मीटरची खाच नको त्या बाजूला निघाली, तर दोष पाठवणाऱ्याचा नसतो.

डुक्कर फियाटच्या पुढच्या दरवाज्यांतही असाच चकवा आहे. बिजागऱ्या मागे, म्हणून कुलूप आणि हँडल दरवाज्याच्या पुढच्या कडेला. नंतरच्या मॉडेलची सवय असलेला माणूस ही हँडलं हातात घेतो आणि डाव्या बाजूचं उजवीकडे ठेवून मोकळा होतो.

चुंबक, वजन आणि नख

क्रोमचा चकचकाट सगळ्यांवर सारखाच दिसतो, खालचा धातू मात्र वेगळा असतो. लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटलं तर पोलादावर क्रोम. अजिबात चिकटलं नाही, तर पितळ, जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम, ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील. थोडी मेख अशी की काही जातींच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतं, आणि गाड्यांच्या पट्ट्यांत नेमक्या त्याही जाती वापरल्या जायच्या. अशा वेळी गंज बघायचा. क्रोम उडालेल्या पोलादावर तांबडा गंज चढतो, तर चांगली स्टेनलेसची पट्टी नुसती मळते.

पितळ हाताला जड लागतं आणि खरचटलेल्या जागी हिरवट पिवळं दिसतं. ॲल्युमिनियम एकदम हलकं. जस्ताचं ओतकाम ओळखायची खूण म्हणजे क्रोमवर आलेले बारीक फोड आणि त्यांतून निघणारी पांढरी पूड. मोनोग्राम, हँडलं, दिव्यांच्या कडा बऱ्याचदा याच धातूच्या असतात.

हे ओळखणं नुसत्या हौसेसाठी नाही. हाच डबा पुढे क्रोम करणाऱ्याकडे जातो. तिथे जुना थर काढायला तेजाब वापरतात. त्यात पितळ टिकतं, पण जस्ताचा पार्ट विरघळायला लागतो. ॲल्युमिनियमची पट्टी कॉस्टिक सोड्यात गेली की तिचीही तीच गत. सगळे चकचकीत पार्ट एकाच पिशवीतून दिले, तर परत येताना मोनोग्रामच्या जागी एक ओबडधोबड खडा हातात पडू शकतो. म्हणून धातू ओळखून पिशव्या वेगळ्या करणं हे काम गाडीमालकाने स्वतः करावं.

बटणांचं म्हणाल, तर जुनी काळी किंवा तपकिरी बटणं बहुधा बेकेलाइटची. बोटाने जोरात चोळून गरम केली की त्यांना फिनाइलसारखा वास येतो. नंतरच्या प्लास्टिकला तो येत नाही.

आटे खोटं बोलत नाहीत

स्क्रू आणि नट हे डब्यातले सगळ्यात दुर्लक्षित साक्षीदार. फियाट इटालियन, म्हणजे मिलिमीटरच्या मापात. मॉरिसच्या घराण्यातली ॲम्बेसेडर आणि अमेरिकन वंशाची जीप इंचाच्या मापात. गॅरेजमध्ये तिन्ही गाड्यांचे डबे शेजारी शेजारी असले, तर पार्टची सरमिसळ आट्यांवरून सोडवता येते.

फरक किती बारीक असतो बघा. ६ मिमीचा नेहमीचा मेट्रिक स्क्रू आणि पाव इंची स्क्रू यांच्या जाडीत फक्त ०.३५ मिमीचा फरक. मेट्रिक स्क्रूला इंचात साधारण २५ आटे बसतात, जुन्या ब्रिटिश बारीक आट्याच्या पाव इंची स्क्रूला २६, तर नंतर आलेल्या अमेरिकन-ब्रिटिश सामाईक बारीक आट्याला २८. त्यामुळे चुकीचा स्क्रू आधी दोन-तीन आटे आरामात आत जातो. मग एकतर डुगडुगतो, नाहीतर अडकतो. अडकला की पाना लावून जोर करायचा नाही. तो अडकला म्हणजे त्याने आपलं घर हे नव्हे, एवढंच सांगितलेलं असतं.

त्यातही एक जुळं भावंड आहे. इंग्रजी विद्युत उपकरणांत 'बीए' नावाचे छोटे आटे वापरत. त्यातला शून्य नंबरचा स्क्रू बरोबर ६ मिमी जाड आणि १ मिमी अंतराच्या आट्यांचा, म्हणजे मेट्रिकशी जवळजवळ जुळणारा. फरक असतो तो आट्याच्या धारेच्या कोनात. तिथे मात्र आट्यांची पट्टीच हवी, अंदाज चालत नाही.

भोकं वाचायला शिका

डब्यातल्या प्रत्येक तुकड्याचा जोडीदार गाडीवर आहे. तो म्हणजे भोक.

पट्टीच्या मागच्या क्लिपांमधलं अंतर मोजायचं आणि ते दरवाज्यावरच्या भोकांशी ताडून बघायचं. दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजणं कटकटीचं असतं. त्यापेक्षा एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं की झालं. उत्तर तेच येतं.

पण सगळी भोकं कारखान्यातली नसतात. पन्नास वर्षांत या डॅशबोर्डवर काय काय बसलेलं असतं! टेप, पंखा, देवाची तसबीर, उदबत्तीचं घर, जास्तीचा इंडिकेटर. प्रत्येकाने आपलं भोक पाडून ठेवलेलं. खरं आणि उपरं भोक वेगळं कसं करायचं? भिंग घेऊन भोकाची आतली कड बघायची. कारखान्यात भोक आधी पडतं आणि रंग नंतर लागतो, त्यामुळे मूळ रंग भोकाच्या कडेवरून आत उतरलेला असतो. ड्रिलने मागाहून पाडलेल्या भोकाभोवती रंगाचे टवके उडालेले, कड खरखरीत आणि आत उघड्या पत्र्यावर गंज.

म्हणूनच बॉडी रंगाला पाठवायच्या आधी हे काम व्हायला हवं. एकदा डेंटरने "भोकं कशाला हवीत" म्हणत लांबी भरली आणि वर नवा रंग चढला, की हा सगळा नकाशाच पुसला जातो.

भोकाबरोबर सावलीही बघायची. मोनोग्रामखाली वर्षानुवर्षं ऊन पोचलेलं नसतं, त्यामुळे तिथला रंग गडद राहतो आणि अक्षरांचा आकार उमटलेला असतो. बोनेटवर 'प्रीमियर' लावलेलं असलं, तरी खालची सावली आणि भोकं दुसऱ्याच नावाची असू शकतात.

रंगाचे थर तर याहून बोलके. पार्टच्या मागच्या कोपऱ्यावर नखाएवढ्या जागेत बारीक पॉलिश पेपर गोल गोल घासला, की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात: प्रायमर, मग निळा, मग क्रीम. गाडीच्या डिकीत आतल्या बाजूला तीच वलयं त्याच क्रमाने निघाली, तर पार्ट याच गाडीचा. आणि क्रीमखाली काळा-पिवळा निघाला, तर तो कधीकाळी मुंबईत मीटर टाकून फिरलेला आहे!

मीटर, वायरी आणि ती तांब्याची नळी

डॅशबोर्डच्या मागे हात घालताना एका गोष्टीची विशेष काळजी. काही जुन्या गाड्यांत इंजिनाच्या तापमानाच्या काट्याला मागून एक बारीक तांब्याची नळी जोडलेली असते. ती वायर नाही. तिच्यात लवकर वाफ होणारा द्रव असतो, आणि त्या वाफेच्या दाबाने काटा हलतो. सोडवायला जड जातेय म्हणून ती कापली, की मीटर कायमचं गेलं. डब्यात वेटोळं केलेली अशी नळी आणि टोकाला पितळी गोळी दिसली, तर तिला अजिबात वाकवू नये.

स्पीडोमीटर दिसायला सारखे असले तरी आतून वेगळे असतात. स्मिथ्सच्या डायलवर खाली एक बारीक आकडा छापलेला असतो. केबल किती फेरे फिरली की एक मैल धरायचा, तो हा आकडा. समजा डायलवर १००० आहे आणि गाडीची केबल मैलाला १२०० फेरे फिरते. मग गाडी ५० ने चालली तरी काटा ६० दाखवणार. दोन मीटर हातात असतील, तर त्यातलं आपलं कुठलं हे या आकड्यावरून ठरतं.

स्विच ओळखायला वायरींचे रंग मदत करतात, निदान लुकासच्या इंग्रजी वायरिंगमध्ये. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून गेलेली, लाल बाजूच्या आणि मागच्या दिव्यांची, निळी हेडलाइटची, काळी अर्थिंगची. स्विचच्या पायाला निळ्या वायरीचा तुकडा अजून चिकटलेला असेल, तर तो वायपरचा स्विच नाही. म्हणून वायरी कापताना स्विचला बोटभर तुकडा ठेवावा.

एवढं करूनही काही पार्ट अडतातच. तेव्हा घरचा जुना अल्बम काढायचा. लग्नात फुलांनी सजवलेल्या गाडीत बसताना काढलेला फोटो सापडला, तर उघड्या दरवाज्यातून डॅशबोर्ड, हँडल, दरवाज्याचं कापड, सगळं एका फटक्यात दिसतं. कृष्णधवल असला तरी पट्ट्यांची संख्या मोजता येते. तिसऱ्याच माणसाच्या गाडीच्या फोटोपेक्षा आपल्याच गाडीचा पुसट फोटो कधीही भरवशाचा.

आणि शेवटी डब्याच्या तळाशी चार-पाच क्लिपा, एक कंस आणि दोन रबरी चकत्या उरल्या, तर त्या पिशवीत घालून गाडीच्या डिकीतच ठेवाव्यात. गाडी रस्त्यावर आली आणि खड्ड्यात आपटली की डॅशबोर्ड खडखडायला लागतो, पहिल्या पावसात दरवाज्याच्या पट्टीखालून पाणी झिरपतं. त्या क्लिपा कुठल्या होत्या, ते तेव्हा कळतं.